उसना प्रेक्षक

फुटबॉलच्या प्रेक्षकांनाही सराव करावा लागतो, हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दौंडला बदली झाल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी, की मैदानात पोरांनी पळायचं आणि आपण कडेला बसून शेंगा सोलायच्या. ही समजूत मी माझ्या नव्या घरमालकांना पहिल्याच आठवड्यात बोलून दाखवली. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि आत हाक मारून बायकोला विचारलं, "ह्याला खोली देऊन टाकली व्हय आपण?"

रेल्वेत मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची नोकरी झाली होती. मूळचे खुटबावचे, पण खुटबावच्या जमिनीत त्यांचा जीव नव्हता. जीव होता तो रेल्वे कॉलनीच्या मागच्या मैदानात. सगळं दौंड त्यांना गार्डसाहेब म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो. ते मला 'निमोणे' म्हणायचे. निमोणे हे माझं शिरूर तालुक्यातलं गाव. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. भाडं मात्र वेळेवर लक्षात असायचं.

मी खताच्या कंपनीच्या डेपोत कामाला. बायको-मुलं गावी, मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. शनिवारी निमोण्याला जायचं, रविवारी भल्या सकाळी परत यायचं. रविवारी सकाळीच का, असं बायको विचारायची. खरं कारण सांगायची मला लाज वाटायची. रविवारी सकाळी गार्डसाहेबांची प्रॅक्टिस असायची.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सीझन सुरू व्हायच्या आधी ज्या फ्रेंडली मॅच होतात त्या खेळाडूंच्या चुका काढायला. मग प्रेक्षकांच्या चुका कधी काढायच्या? "लीगमधी?" ते विचारायचे. "लीगमधी आपलं पोरगं गोलसमोर आलं आन् तुमचा घसा बसला, तर कुणाला धरायचं?"

म्हणून मैदानाच्या बांधावर आम्ही दहा-बारा जण जमायचो. दोन-तीन निवृत्त फिटर, स्टेशनबाहेरचा सलूनवाला बाळू, काही भाजीवाले आणि मी. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी. समोर मैदान रिकामं, एखादी म्हैस सोडली तर. गार्डसाहेब छत्री वर करायचे आणि आम्ही हळहळायचो. हो, हळहळायचो. गोल हुकल्यावरची हळहळ ही त्यांच्या मते सगळ्यात अवघड गोष्ट. ती एकसाथ निघाली पाहिजे, पोटातून निघाली पाहिजे, आणि तिच्यात खेळाडूला शिवी नसली पाहिजे.

"अर्रर्र…"

"ह्याऽऽ! हे काय? शंटिंग चाललंय का? इंजिन हाललं की शेवटचा डबा हालला पायजे! पुन्हा."

"अर्रर्र!"

"बाळू, तुझ्यात शिवी हाय."

"न्हाई ओ गार्डसाहेब."

"हाय. मला आयकू आली. पुन्हा."

एकदा आमची हळहळ इतकी जमून आली की कॉलनीतल्या दोन बायका पदर सावरत आल्या आणि 'कोण गेलं?' म्हणून विचारू लागल्या. गार्डसाहेबांचा चेहरा त्या दिवशी पेढा खाल्ल्यासारखा झाला होता. हरल्यावर कसं उठायचं, याचाही ते सराव घ्यायचे. उठायचं, मागची माती झटकायची, हरलेल्या पोरांकडं बघून टाळ्या वाजवायच्या आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हा सराव मला बऱ्यापैकी जमायचा, कारण त्यात बोलायचं नसायचं.

बाकी मी वर्गातला ढ. आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलेलं. चेंडू रेषेबाहेर गेला की मी 'आउट' म्हणून ओरडायचो. ते बरोबरच असायचं, पण त्यात एवढं खूश होण्यासारखं काय, हे कुणाला कळायचं नाही. माझा आवाज तोंडातून निघून ओठांशीच पडायचा. गार्डसाहेब माझ्यासमोर उभे राहून माझ्या पोटावर छत्रीचं टोक टेकवायचे. "हितनं, निमोणे. हितनं काढ. सरकारी हापिसात अर्ज द्यायला आल्यावानी काय वरडतो?"

त्यांच्याजवळ नोकरीतली शिट्टी होती. ती आता त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, कपाटात कुलपात असायची, आणि त्याचं कारण दौंडातल्या लहान पोरालाही पाठ होतं. कुठल्याशा फ्रेंडलीत आपला फॉरवर्ड एकटा गोलकडं निघाला. गार्डसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी नोकरीत गाडी सोडायचे तशी जोरात शिट्टी मारली. फॉरवर्ड जागच्या जागी थांबला. रेफ्रीही थांबला आणि आपण शिट्टी का मारली, याचा विचार करायला लागला. समोरच्या संघातला एक चलाख पोरगा तेवढा थांबला नाही. त्यानं चेंडू पायात घेतला, सरळ पलीकडं नेला आणि गोल केला. त्या दिवसानंतर क्लबच्या पोरांनी गार्डसाहेबांना काही म्हटलं नाही, काकूंना म्हटलं.

पण त्यांचा खरा कायदा दुसराच होता. फ्रेंडलीला बाहेरगावचा संघ टेम्पोत बसून येतो. टेम्पोत अकरा-चौदा पोरं, एक पाण्याचा जार आणि चेंडूंचं जाळं. त्यांच्या बाजूनं ओरडायला कोणी नसतं. हे गार्डसाहेबांना बघवायचं नाही.

"पाव्हण्याला आपण एकट्याला जेवाय बसवतो का?" ते आम्हाला विचारायचे. "न्हाई ना? शेजारी कुणीतरी पानावर बसतंच ना? मंग त्यानं गोल केल्यावर त्याला एकट्याला का नाचू द्यायचं?"

म्हणून ते आपल्यातली तीन-चार माणसं पाहुण्यांना उसनी द्यायचे. वऱ्हाड कमी पडलं की आळीतली माणसं उसनी नेतात तशी. उसन्या गेलेल्या माणसानं पूर्ण मॅच, मनापासून, पाहुण्यांच्या बाजूनं ओरडायचं. दौंडचा गोल झाला तर हळहळायचं. मॅच संपली की परत. अर्धवट ओरडणाऱ्याला ते पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं करायचे. भांडगावची पोरं तर सांगायची की आमच्या स्वतःच्या गावात आमच्यासाठी एवढं कोणी ओरडत नाही.

मी कायमचा उसना. "तू बाहेरचाच हायेस, तुला अवघड न्हाई जायचं," असं ते म्हणायचे. मला मनातून ठाऊक होतं की मी गेल्यानं दौंडचं काही कमी होत नव्हतं.

आता जे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. गार्डसाहेबांची एकुलती एक मुलगी, वैशाली, एका शनिवारी घरातून गेली आणि शिरूरला जाऊन तिनं लग्न केलं. मुलगा शिरूरच्या संघाचा गोलकीपर, संतोष, एमआयडीसीत नोकरीला. तिला मोटरसायकलवर मागं बसवून शिरूरला पोचवणारा माणूस मी.

त्यांची ओळख कशी झाली, तेही ऐका. त्या वर्षी शिरूरचा संघ फ्रेंडलीला आला आणि गार्डसाहेबांनी पाहुण्यांना तीन माणसं उसनी दिली. बाळू, मी आणि वैशाली. पोरगी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली तयार झालेली. तिच्या एका आरोळीत आमच्यासारखे दहा जण बसले असते. ती शिरूरच्या गोलमागं उभी राहून कीपरच्या नावानं पूर्ण मॅच ओरडली. मॅच संपल्यावर बाळू परत आला, मी परत आलो. ती आल्यासारखी दिसली खरी.

त्या शनिवारी ती मला म्हणाली, "दादा, तुम्ही गावाकडं निघालाच आहात तर मला शिरूरला सोडता का? मैत्रिणीचा साखरपुडा आहे." मी हो म्हणालो. परक्याच्या लेकीला मागं बसवून न्यायचं म्हणजे जबाबदारी, म्हणून नवंकोरं लाल हेल्मेटसुद्धा घेतलं. न्हावऱ्याला रसवंतीवर थांबलो. अर्धा ग्लास रस झाल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं.

मी म्हणालो, "चल, परत फिरू."

"फिरा," ती म्हणाली. रडली नाही, विनवलं नाही. ग्लास तेवढा संपवला.

मी फिरलो नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी वळवायला जागा नव्हती. पुढं कितीतरी महिने मी स्वतःला हेच कारण देत असे. रांग संपली, रस्ता मोकळा झाला, तरी माझी गाडी शिरूरकडंच चालली होती, हे मात्र मी स्वतःलाही सांगत नव्हतो.

चौफुल्याला कुणीतरी पाहिलं होतं. गार्डसाहेबांपर्यंत एवढंच आलं, की पोरगी मोटरसायकलवर होती आणि चालवणाऱ्याच्या डोक्यात लाल हेल्मेट होतं. माझ्यावर संशय कसा नाही आला? काकूंनी एकदा भीतभीत माझं नाव घेतलं होतं. मी भिंतीपलीकडं श्वास धरून ऐकत होतो. गार्डसाहेब हसले. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "निमोणे? आगं, त्याला मॅचमधी 'हां' म्हणता येईना, त्यो काय पोरगी पोचवतोय!"

माझा नालायकपणा असा माझ्या कामाला आला. हेल्मेट मी डेपोत खताच्या पोत्यांमागं लपवलं आणि तिथंच ते उंदरांनी खाल्लं.

आणि मग सुरू झाल्या त्या संध्याकाळी. अंगणात बाज टाकलेली असायची. गार्डसाहेब एका टोकाला, मी दुसऱ्या. जातीपातीचं ते काही बोलायचे नाहीत. कोणी विषय काढला तर म्हणायचे, "जात मला नको सांगू, मी मालगाडीवर नोकरी केलेली हाय, समद्यांचा माल नेला." त्यांचा जाहीर राग होता तो जावई गोलकीपर असण्यावर. "बाकीची धा जण पळत्यात आन् हा उभा ऱ्हातो. आसला मानूस घर काय चालवनार?" पण अंधार पडायला लागला की आवाज खाली यायचा.

"निमोणे, गार्डनं हिरवा बावटा दाखवल्याबिगर गाडी हालत न्हाई. तीस वर्सं हेच केलं म्या. आन् माझ्या घरातनं गाडी गेली, मला पत्ता न्हाई."

मी मान हलवायचो.

"मला इचारलं आसतं तर म्या काय खाल्लं आसतं का तिला?"

मी पुन्हा मान हलवायचो. मग ते त्या हेल्मेटवाल्याकडं वळायचे. मुलीला शिवी देववत नव्हती, जावयाला दिली तर मुलीला लागायची, राहिला हेल्मेटवाला. तो बिनघरचा, बिनचेहऱ्याचा, सोयीचा माणूस. त्याला रोज शिव्या पडायच्या. पहिल्यांदा मी गप्प बसायचो. पण गप्प बसणारा माणूस संशयास्पद दिसतो, म्हणून मी एखादी शिवी घालायला लागलो. मग दोन. मग, कसं सांगू, मला त्यात गती आली. "त्याच्या गाडीला घाटात ब्रेक लागायचे न्हाईत," असं मी म्हणायचो. "त्याच्या हेल्मेटात गांधीलमाश्या पोळं करतील." "त्यो मेला तर त्याच्या मयताला उसनी माणसं आणावी लागतील!" या शेवटच्याला गार्डसाहेबांनी मांडीवर थाप मारली होती. "आरं, तुला वरडाय येत न्हाई पर शिव्या झ्याक येत्यात!" म्हणाले. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या घरात माझं पहिल्यांदाच कशासाठी तरी कौतुक झालं होतं.

असं तीन वर्षं चाललं. शिरूरचा संघ दौंडात बोलवायचा नाही, असा क्लबमध्ये न बोलता नियम झाला होता. गार्डसाहेब प्रॅक्टिस घेत, छत्री वर करत. उसनी माणसं देताना मात्र आता बायाबापड्यांना वगळत. एकदा मला म्हणाले, "मीच दिलती उसनी. दुसऱ्या कुणी न्हाई." एवढंच. आणि लगेच बाळूला ओरडले की त्याच्या 'अर्रर्र'मध्ये अजून शिवी आहे.

मग त्या वर्षी भांडगावच्या पोरांचं ऐनवेळी जमेना. मैदान आखून झालं होतं, फक्की मारून झाली होती. क्लबच्या पोरांनी गुपचूप शिरूरला फोन केला. गार्डसाहेबांना कळलं ते टेम्पो फाटकातून आत आल्यावर. टेम्पोतून पोरं उतरली, पाण्याचा जार उतरला, शेवटी संतोष उतरला आणि त्यानं हात दिला तशी वैशाली उतरली.

चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. वैशालीनं वडिलांकडं एकदा पाहिलं आणि ती पलीकडच्या बांधावर, शिरूरच्या बाजूला जाऊन एकटी उभी राहिली. गार्डसाहेब छत्री हातात धरून समोर बघत होते. मला वाटलं आता हे उठून घरी जाणार, आणि एकदा गेले की हे मैदान त्यांना कायमचं तुटलं आणि ती मुलगीही.

मॅच सुरू झाली. शिरूरच्या पोरानं एक चांगला शॉट मारला. पलीकडून एकटा आवाज आला, "हां!" भरलेला, पोटातला.

गार्डसाहेब खाली बघत म्हणाले, "पाव्हण्यांकडं एकच मानूस हाय."

मग छत्रीचं टोक पलीकडं केलं.

"चार जनं तिकडं जावा."

कोणी हलेना. हा आपली परीक्षा घेतोय, तिकडं गेलेला आयुष्यातून उठला, असंच सगळ्यांना वाटलं. बाळू बुटाची नाडी बांधायला लागला. त्यानं चपला घातल्या होत्या.

"निमोणे, तू जा."

मी गेलो. मैदानाला वळसा घालून जाताना मी कॉर्नरच्या झेंड्याला अडखळलो. वैशाली पुढं बघतच म्हणाली, "दादा, बाबा बारीक झालेत."

"तू आधी ओरड," मी म्हणालो, "ते ऐकतायत."

आम्ही दोघं ओरडायला लागलो. म्हणजे ती ओरडायची आणि मी तिचं नुकसान करायचो. पहिला हाफ संपला तेव्हा बिनगोल बरोबरी होती आणि माझा घसा गेला होता. तेवढ्यात समोरून गार्डसाहेब उठले. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात छत्री, आणि सरळ मैदानाच्या मधून, चिखलातून चालत आमच्याकडं निघाले. कोणत्याच बाजूची पोरं मधे आली नाहीत. त्यांनी आमच्यापासून चार हातांवर खुर्ची मांडली. मुलीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"हे काय वरडनं हाय? पाव्हणे म्हणतील दौंडात मानसं संपली. सरक."

दुसऱ्या हाफात त्या बांधावर जे झालं त्याला ओरडणं म्हणणं अपुरं आहे. बाप-लेक चार हातांवर उभे, एकमेकांशी एक शब्द नाही, आणि आवाज मात्र जुळून. बाप 'हां' म्हणायच्या आत ती 'हां' म्हणायची. पलीकडून दौंडची मंडळी तोंडं उघडी टाकून बघत होती. शिरूरच्या पोरांना चेवच आला. आणि मग रेफ्रीनं दौंडला पेनल्टी दिली.

संतोष गोलमध्ये उभा राहिला. गार्डसाहेब खुर्चीवर चढले. "आरं हालू नको! आधी हालू नको! त्यो डावीकडं बघतोय, त्येचं काय खरं न्हाई!" ते ओरडत होते. दौंडच्या पोरानं मारली. संतोषनं उजवीकडं उडी घेतली आणि चेंडू दोन्ही हातांत धरून तो चिखलात आडवा झाला.

गार्डसाहेब खुर्चीवरून कसे खाली आले ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा त्यांची एक चप्पल चिखलात होती आणि ते दोन्ही हात वर करून ओरडत होते, "आपला कीपर हाय! आपला कीपर हाय त्यो!" वैशालीनं त्यांची चप्पल उचलली, पदरानं पुसली आणि पायापाशी ठेवली. ते म्हणाले, "आगं चिखल हाय, साडी खराब व्हईल." तीन वर्षांनंतर मुलीशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

ती रडायला लागली. ते म्हणाले, "मॅच चालू हाय, नंतर रड."

मॅच संपली. संतोष आला, पाया पडला. "उभं ऱ्हायचं काम हाय पर चांगलं उभं ऱ्हातो," असं गार्डसाहेब म्हणाले आणि त्याच्या पाठीवर चिखलावर चिखल थापला. बाळू पेढे आणायला धावला. सगळे हसत होते, सगळ्यांना सगळं माफ होत होतं. आणि मला, देवानं कशी बुद्धी दिली ठाऊक नाही, वाटलं की माफीचा सेल लागलाय, आपलंही या गर्दीत उरकून घ्यावं. उद्या हा भाव राहायचा नाही.

मी बसलेल्या घशानं म्हणालो, "गार्डसाहेब, त्यो हेल्मेटवाला मी."

वैशालीनं माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला. पण शब्द गेला होता. गार्डसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही; ते थोडा वेळ तसंच विसरल्यासारखं राहिलं. मला वाटलं, आता कानाखाली येणार. आली असती तर मी आजही त्यांचा भाडेकरू असतो.

ते शांतपणे म्हणाले, "नेलंस त्येचं काय न्हाई. तू नसता तर यष्टीनं गेली आसती." मग श्वास घेतला. "पर तीन वर्सं माझ्या बाजंवर बसलास. माझ्यासंगं शिव्या घातल्यास. मन हलकं व्हावं म्हणून मी घालायचो, आन् तू… माझ्यापरीस चांगल्या घालायचास."

त्यांनी खुर्ची मिटली.

"चला," ते बाकीच्यांना म्हणाले, "चहा घ्या." आणि माझ्याकडं वळून, "तुम्हीपण घ्या."

तुम्ही. त्या दिवसापासून मी 'निमोणे' राहिलो नाही. भाडं द्यायला गेलो तर 'बसा', पाणी भरायला गेलो तर 'भरा'. बाज अंगणातच असायची, पण दुसऱ्या टोकाला उशी ठेवलेली असायची. शिवी एक नाही, आवाज चढला नाही, खोली सोडा असंही म्हणाले नाहीत. मीच सोडली. पुढं शिरूरच्या डेपोला बदली मागून घेतली. वैशालीनं सामान बांधायला मदत केली आणि बांधता बांधता म्हणाली, "दादा, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

आता ती सणावाराला माहेरी जाते. संतोष गेला की गार्डसाहेब त्याला स्टेशनपर्यंत फिरवून आणतात, दिसेल त्याला 'आमचा कीपर' म्हणून सांगतात. मी तिच्याकडून सगळी खबर घेतो. माझी खबर तिकडं कोणी घेत नाही. ती विषय काढते तेव्हा ते पेपर उघडतात, असं तिनंच मला सांगितलं. ती आता काही लपवत नाही; लपवणं हा माझा गुण.

यंदा सीझनच्या आधी दौंडचा संघ शिरूरला आला. टेम्पोमागं एका जीपमधून पाच-सहा माणसं उतरली, त्यांत गार्डसाहेब. केस पांढरे, पाठ जरा वाकलेली. मी चार दिवस आधीपासून ठरवून ठेवलं होतं. दौंड पाहुणे, त्यांच्याकडं माणसं कमी, कायदा त्यांचाच. मी सरळ त्यांच्या बांधावर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "उसना आलोय."

त्यांनी मान वळवली नाही. "मागितलं कुणी?"

"माणसं कमी दिसली म्हणून."

"कमी हायेत. पर हायेत ती हायेत." ते मैदानाकडंच बघत होते. पोरं वॉर्मअप करत होती. मग म्हणाले, "तुम्ही तुमच्या मानसांत जाऊन उभं ऱ्हावा. आन् जे मनात आसंल तेच वरडा. दुसऱ्याचं नको."

मी आलो तसा गेलो. शिरूरच्या गर्दीत, गोलच्या जवळ, संतोष उभा होता त्याच्या मागं जागा मिळाली. शेजारी एमआयडीसीतली पोरं, मागं ओळखीचे चार जण. ठरवलं, आता आपलं गाव, आपला तालुका, आपला कीपर, मनापासून ओरडायचं. ओरडलोही दोन-तीनदा. बाजूच्या पोरानं 'काका, घसा बसलाय का?' म्हणून विचारलं.

मग दौंडचा एक बुटका पोरगा उजव्या कडेनं निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, संतोष पुढं आला तर त्याच्या पायाशेजारून चेंडू सोडला आणि जाळी हलली. आणि माझ्या आतून, कुठून ते मला आजही सांगता येणार नाही, अशी एक आरोळी निघाली की मी स्वतःच दचकलो. इतक्या रविवारांत, इतक्या मॅचमध्ये, एवढा आवाज माझा कधी झाला नव्हता. हात वर गेले होते. मी उडीसुद्धा मारली असावी.

उतरलो तेव्हा सगळी शिरूरची माणसं माझ्याकडं बघत होती. संतोषही चेंडू हातात घेऊन मागं वळून बघत होता. पलीकडच्या बांधावर कोण बघत होतं, ते बघायचं धाडस मला झालं नाही.

मागून एक जण म्हणाला, "ओ दाजी! दौंडचं एवढं प्रेम हाय तर तिकडं जाऊन वरडा की!"

"तिकडं घेत न्हाईत," मी म्हणालो.